भरलेली गाडी, घाटाचा चढ आणि गिअरबॉक्सचे ऑइल

कापडाच्या धंद्यात आपण सुताचा भाव, उधारीची मुदत, प्रोसेसचे दर यांवर तासन्‌तास बोलतो. परंतु ज्या गाडीतून आपला माल जातो त्या गाडीविषयी आपले प्रश्न दोनच असतात. भाडे किती? माल कधी पोहोचणार? ज्यांची स्वतःची गाडी आहे तेदेखील डिझेल आणि टायर यांपलीकडे फारसे पाहत नाहीत. आम्हीही अनेक वर्षे असेच वागलो आणि त्याची किंमत मोजली. ती किंमत केवळ रुपयांत नव्हती. म्हणून या वेळी कापड बाजूला ठेवून, भरलेली गाडी चढावर ओढताना गिअरबॉक्सच्या आत काय घडते, तेथील ऑइल का तापते आणि मालकाने त्यावर नजर कशी ठेवावी, याविषयी लिहीत आहोत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या ज्या बांधवांच्या घरची एक-दोन वाहने आहेत, त्यांना याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षा आहे.

एक जुना हिशोब

२०११ सालचा मे महिना होता. भिवंडीहून मालेगावला सूत आणायचे होते. सुताचे एक पोते ५० किलोचे. आमच्या टेम्पोत कायद्याने ७० पोती बसत होती. त्या दिवशी आम्ही १०० घातली. दुसरी फेरी वाचेल, डिझेल वाचेल, असा आमचा हिशोब. ड्रायव्हर वयाने आमच्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. निघताना ते म्हणाले, ‘सेठ, आज बोझा ज़्यादा है.’ आम्ही हसून विषय टाळला.

कसाऱ्याचा घाट अर्धा चढल्यावर त्यांचा फोन आला. ‘सेठ, गाड़ी दम नहीं पकड़ रही. नीचे से जले तेल की बास आ रही है. थोड़ा रुक जाऊँ?’ आम्ही विचारले, ‘टेम्परेचर का काटा कहाँ है?’ ते म्हणाले, ‘काटा तो बीच में है.’ आम्ही म्हणालो, ‘काटा बीच में है तो गाड़ी ठीक है. चलते रहो, कारखाने में सूत का इंतज़ार है.’

इगतपुरी येण्यापूर्वीच गिअरबॉक्स जाम झाला. क्रेनचा खर्च, दुसऱ्या गाडीत माल भरण्याचा खर्च, मिस्त्रीचा खर्च, शिवाय दोन दिवस लूम बंद. आम्ही रागात होतो. चाचांना गाडी चालवता आली नाही असे ठरवून आम्ही त्यांच्या पगारातून दरमहा २,००० रुपये याप्रमाणे ४ महिने ८,००० रुपये कापले. त्यांनी वाद घातला नाही. पाचव्या महिन्यात ते काम सोडून गेले.

पुढे एका जाणत्या मिस्त्रीने त्याच गाडीचे दुसरे काम करताना जुने काढलेले बेअरिंग पाहिले आणि आम्हाला समोर बसवून समजावले. बेअरिंग निळसर काळे पडले होते. गिअरबॉक्सची हवा जाण्याची नळी मातीने बुजली होती, सीलमधून ऑइल गळत होते, पातळी कमी झाली होती, आणि ऑइल बदलण्याची तारीख आम्हीच दोनदा पुढे ढकलली होती. त्यावर दीड टन जादा माल. मिस्त्री म्हणाले, ‘सेठ, काटा इंजिनाच्या पाण्याचा असतो. गिअरबॉक्सचा काटा तुमच्या गाडीत नाहीच.’

हीच गोष्ट आमच्या बहुतेक बांधवांना ठाऊक नसते, म्हणून पुढील सर्व लेख तिच्याभोवती आहे.

काटा कशाचा?

डॅशबोर्डवर तापमानाचा जो काटा असतो तो इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे तापमान दाखवतो. रेडिएटर, पंखा आणि थर्मोस्टॅट मिळून ते पाणी ठरावीक मर्यादेत ठेवतात. त्यामुळे काटा बराच वेळ मध्येच राहतो.

गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडील साध्या, हाताने गिअर टाकण्याच्या टेम्पो-ट्रकमध्ये गिअरबॉक्सला बहुधा स्वतःचा रेडिएटर नसतो आणि पंपही नसतो. खालच्या भागात काही लिटर ऑइल भरलेले असते. गिअर फिरताना ते ऑइल उडवतात आणि त्या उडालेल्या ऑइलवरच दात, बेअरिंग व शाफ्ट यांचे पोषण होते. आतली उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग एकच, गिअरबॉक्सच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कवचावरून वाहणारी हवा. घाटात गाडी ताशी १५-२० किलोमीटरने चढते तेव्हा उष्णता सर्वांत जास्त तयार होते आणि हवा सर्वांत कमी लागते. इंजिनाचा काटा मध्ये असताना गिअरबॉक्स तापू शकतो, त्याचे कारण हे आहे.

उष्णता येते कोठून?

लूम चालवणाऱ्याला हे समजावणे कठीण नाही. लूमची मोटर जड ताण्यावर तापते, तेव्हा कारागीर हाताची मागची बाजू लावून पाहतो. जेथे ताकद एका भागातून दुसऱ्या भागात जाते, तेथे थोडी ताकद घर्षणात जाते आणि तिची उष्णता होते. गाडीत अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा क्लच. क्लच पूर्ण सोडलेला असेल तर त्यात घर्षण जवळजवळ नसते. पण चढावर रांगेत उभे असताना हँडब्रेक न लावता अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरली, तर प्लेट सतत घासत राहते. गाडी जागची हलत नसते, म्हणून इंजिन जी ताकद क्लचकडे पाठवते ती सगळी तेथेच उष्णता बनते. काही मिनिटांत प्लेट जळते. जळालेल्या क्लचचा वास तिखट, करपलेल्या कागदासारखा असतो. जळालेल्या गिअर ऑइलच्या वासात गंधकाची झाक असते. ड्रायव्हरने हे दोन वास वेगळे ओळखावेत.

दुसरी जागा गिअरबॉक्स. दातावर दात सरकताना ढोबळमानाने एकूण ताकदीच्या दोन ते चार टक्के वाया जाते. हा आकडा लहान वाटतो. परंतु ९० हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण जोर लावत असेल तर ती ताकद सुमारे ६६ किलोवॅट होते, आणि तिचे तीन टक्के म्हणजे २ किलोवॅट. आपल्या पॅकिंग विभागातील १,००० वॅटच्या दोन इस्त्र्या एका बंद डब्यात ठेवून घाट संपेपर्यंत चालू ठेवल्या, असे समजा.

तिसरी जागा मागचा एक्सल, ज्याला आपण डिफरन्शियल म्हणतो. तेथे क्राउन आणि पिनियन यांचे दात एकमेकांवर केवळ फिरत नाहीत, तर आडवे घसरतातही. म्हणून तेथील घर्षण गिअरबॉक्सपेक्षा अनेकदा जास्त असते आणि तेथील ऑइल विसरलेही सर्वांत जास्त जाते.

तापल्यावर ऑइलचे काय होते?

ऑइलचे पहिले काम दोन धातूंमध्ये पातळ पडदा धरून ठेवणे हे आहे. तापल्यावर ऑइल पातळ होते, हे सर्वांना माहीत आहे. किती पातळ, हे कमी जणांना माहीत असते. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये व एक्सलमध्ये नेहमी वापरले जाणारे ८० डब्ल्यू ९० ग्रेडचे ऑइल ४० अंश सेल्सिअसवर जितके दाट असते, त्याच्या सुमारे एक दशांश दाटपणा १०० अंशांवर राहतो. ऑइल बनवणारे हे गृहीत धरूनच ते बनवतात. मात्र तापमान त्यापुढे चढत गेले आणि त्यात बोजाही वाढला, तर पडदा फाटतो, धातू धातूला लागतो, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि चक्र सुरू होते.

दुसरे नुकसान सावकाश होते. गरम ऑइलचा हवेशी संयोग होऊन ते काळे पडते, त्यात चिकट गाळ होतो, आणि रबरी सील कडक होऊन गळू लागतात. या क्षेत्रातील लोक एक ढोबळ नियम सांगतात. ऑइल खूप गरम असताना तापमान आणखी १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. साधे खनिज गिअर ऑइल ८०-९० अंशांवर आरामात काम करते. ११० ते १२० अंशांच्या पुढे ते सतत राहू नये. सिंथेटिक ऑइल याहून थोडी जास्त उष्णता सोसते, पण जादा मालाची परवानगी म्हणून ते घेऊ नये.

मालेगावच्या उन्हाळ्यात बाहेरच पारा ४२ अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात २० अंशांच्या हवेत जो गिअरबॉक्स सुरक्षित राहतो, तोच त्याच मालाने मे महिन्यात सुमारे २० अंशांनी पुढे जाऊ शकतो. म्हणजे डिसेंबरमध्ये ‘चालून गेलेला’ जादा माल मे महिन्यात चालून जाईलच असे नाही.

घाट काय मागतो?

कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटर उंची चढावी लागते. रेल्वेने हाच घाट १८६५ साली पार केला. तेथे ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. इंजिनाच्या शक्तीबाहेरचे ओझे त्याच्याकडून ओढून घ्यायचे नाही, हा नियम रेल्वेने दीडशे वर्षांहून अधिक काळ पाळला. आपण मात्र टेम्पोकडून ती अपेक्षा ठेवतो.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून जातो आणि जुन्या घाटाची वळणे त्याने टळतात. सारखे थांबणे व अर्ध्या क्लचवर गाडी धरणे कमी होते, हा मोठा लाभ आहे. परंतु समुद्रसपाटीजवळच्या भिवंडीतून इगतपुरीची उंची गाठायची तर ती कोणत्याही रस्त्याने चढावीच लागते. वजनाचा नियम तेथेही तोच. इचलकरंजीहून मुंबईकडे जाणाऱ्यांना खंबाटकी व बोर घाट आहेत, कोकणात जाणाऱ्यांना आंबा व कशेडी आहेत.

उतारावरचा हिशोबही सांगतो. १० टन वजनाची गाडी ३०० मीटर खाली आली, की तेवढ्या वजनाच्या ताकदीची उष्णता होते. ती एकत्र केली तर सुमारे १०० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळी येईपर्यंत तापेल. वारा व टायर यांत थोडी जाते, पण उरलेली केवळ ब्रेकच्या ड्रमवर टाकली तर ब्रेक पकडत नाहीत. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिन गाडी रोखून धरते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा जिवाशी खेळ आहे. मालकाने ड्रायव्हरच्या डिझेलचा फार कडक हिशोब घेतला की ड्रायव्हर नेमके हेच करतो, हेही ध्यानात ठेवावे.

ऑटोमॅटिक गाड्यांविषयी

रत्नागिरी, रायगडकडील आपले अनेक बांधव आखाती देशांत वाहन चालवतात. तेथे मागे ट्रेलर जोडलेल्या ऑटोमॅटिक पिकअप सर्रास दिसतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहिणे गरजेचे आहे.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. जड ट्रेलर ओढताना, कमी वेगाने चढताना हे तेल आत घुसळले जाते आणि वेगाने तापते. हेच तेल आतले क्लच दाबते, थंड करते आणि वंगणही देते. त्यामुळे ते बिघडले की सर्वच बिघडते. साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे त्याचे निरोगी तापमान समजावे. ११० च्या पुढे सावध व्हावे आणि १२० च्या पुढे सुरक्षित जागा पाहून थांबावे. बनवणाऱ्याच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा.

अनेक पिकअपमध्ये या तेलाचे तापमान दाखवण्याची सोय असते. नसेल तर वेगळा मीटर बसवता येतो. मात्र त्याचा सेन्सर कोठे बसवला आहे हे विचारून घ्यावे. खालच्या पॅनमधला सेन्सर साठलेल्या तेलाचे सरासरी तापमान दाखवतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडून कूलरकडे जाणाऱ्या नळीतील तेल त्याहून बरेच गरम असते. दोन गाड्यांचे आकडे वेगळे दिसण्याचे हे एक कारण आहे.

चढावर गिअर सारखा वर-खाली होत असेल तर हाताने खालचा गिअर निवडावा किंवा ट्रेलर ओढण्याचे बटण असल्यास ते दाबावे. तापमान चढले तर थांबून, गाडी पार्कमध्ये टाकून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे, कारण इंजिन चालू असेल तरच पंप तेलाला कूलरमधून फिरवतो. नेहमी ट्रेलर ओढायचा असेल तर वेगळा तेल-कूलर बसवणे फायद्याचे ठरते. नव्या तेलाचा रंग बहुधा लाल असतो. तो तपकिरी झाला आणि करपलेला वास आला तर थांबू नये, तेल तपासून घ्यावे.

आपल्याकडे आता एएमटी नावाची गाडीही येते. तीत क्लच पेडल नसते, म्हणून लोक तिला ऑटोमॅटिक समजतात. प्रत्यक्षात आत साधाच क्लच व साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त ते दाबण्याचे काम यंत्र करते. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरली तर हिचाही क्लच जळतो. ब्रेक वापरावा.

मीटर नसलेल्या गाडीवर नजर कशी ठेवावी?

आपल्या बहुतेक टेम्पोंत गिअरबॉक्सचा मीटर नसतो. तरीही मार्ग आहे.

पहिली गोष्ट, लांबून तापमान मोजणारे पिस्तुलासारखे थर्मामीटर बाजारात एक-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळते. थांबल्यावर गिअरबॉक्सच्या कवचावर, एक्सलवर आणि चाकांच्या ड्रमवर ते धरावे. चकचकीत धातूवर ते कमी आकडा दाखवते, मळक्या किंवा रंगवलेल्या जागेवर बरोबर दाखवते. म्हणून एक जागा ठरवून खडूने खूण करावी. आतले ऑइल कवचापेक्षा थोडे अधिक गरम असते हे धरून चालावे.

दुसरी गोष्ट, एका आकड्यावर फार विसंबू नये, वही ठेवावी. तारीख, माल किती, बाहेरची हवा कशी, घाटाच्या माथ्यावर गिअरबॉक्स किती अंश, एक्सल किती अंश. दहा फेऱ्यांनंतर आपल्या गाडीची चाल कळते. तोच माल, तोच रस्ता, तोच महिना आणि आकडा एकाएकी १५ अंशांनी वाढला, तर ऑइल कमी झाले आहे किंवा बेअरिंग बोलू लागले आहे. खातेवहीत एखाद्या पेढीची उधारी वाढत जाते तेव्हा आपण जसे सावध होतो, तसेच येथे व्हावे.

तिसरी गोष्ट, थर्मामीटर नसेल तर हात. कवचावर तळहात सहज टिकत असेल तर तापमान ५० अंशांच्या आत आहे. क्षणभरही टिकत नसेल तर ६० च्या पुढे गेले आहे. त्यापुढचे हाताला कळत नाही आणि हात भाजतो, म्हणून आधी हात जवळ नेऊन झळ पाहावी. गरम गिअरबॉक्सवर किंवा ड्रमवर पाणी कधीही ओतू नये. बीड एकदम थंड झाले तर तडकते.

चौथी गोष्ट, ऑइलची पातळी. बहुतेक साध्या गिअरबॉक्सला बाजूला एक बोल्ट असतो. गाडी सपाट जागेवर, थोडी निवल्यावर तो उघडावा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. कमी असेल तर उष्णता वाढते. जास्त भरले तर गिअर ते ताकासारखे घुसळतात, फेस होतो आणि त्यानेही उष्णता वाढते. ऑइल पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात भिवंडीच्या तुंबलेल्या रस्त्यांतून गाडी गेली असेल तर हे अवश्य पाहावे. ऑइल काढताना बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल दिसणे नेहमीचे आहे, पण धातूचे तुकडे दिसले तर गाडी रस्त्यावर सोडू नये.

पाचवी गोष्ट, हवा जाण्याची नळी, जिला मिस्त्री ब्रीदर म्हणतात. ऑइल तापले की आतली हवा फुगते. नळी बुजली असेल तर ती हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल नेते. दर सर्व्हिसला ती नळी साफ करून घ्यावी. फुकटचे काम आहे. आमचा गिअरबॉक्स येथूनच गेला.

सहावी गोष्ट, ऑइलचा ग्रेड आपल्या मनाने बदलू नये. डब्यावर जीएल-४, जीएल-५ असे लिहिलेले असते. एक्सलसाठी योग्य असलेले प्रत्येक ऑइल गिअरबॉक्सच्या आतील पितळी भागांना मानवतेच असे नाही. पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे.

वजनाचा हिशोब, मीटरचा नव्हे

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाडीचे ऑइल तापते ते वजनाने, आणि वजन घालणारे आपण आहोत. आपला धंदा मीटर, ताका आणि गाठ यांत चालतो. गाडी मात्र किलो मोजते. ग्रे कापड एका मीटरला १२० ग्रॅम भरत असेल तर ३०,००० मीटर म्हणजे ३,६०० किलो. तेच कापड १८० ग्रॅमचे असेल तर ५,४०० किलो. गाठींची संख्या तीच, जागाही जवळपास तीच, पण गाडीच्या दृष्टीने जवळजवळ दोन टनांचा फरक पडला. शिवाय सुती मालात ओलावा असतो. व्यापारात सुतासाठी साडेआठ टक्के ओलावा नेहमीचा मानतात, पावसाळ्यात तो वाढतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही पाणी धरत नाही. म्हणून मागच्या वेळी इतक्याच गाठी नेल्या होत्या, हा पुरावा होऊ शकत नाही.

आरसी बुकात गाडीचे एकूण परवानगीचे वजन आणि रिकामे वजन, दोन्ही लिहिलेले असते. पहिल्यातून दुसरे वजा करावे. उरले ते माल, ड्रायव्हर, क्लीनर आणि ताडपत्री या सर्वांचे मिळून वजन. हा आकडा मोठ्या अक्षरांत गोदामाच्या दारावर लिहून ठेवावा. शंका असेल तेव्हा वजनकाट्यावर १०० - २०० रुपये खर्च करावेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. हा दंड केवळ चालवणाऱ्यासाठी नाही, चालवायला लावणाऱ्यासाठीही आहे. कायद्याने जी जबाबदारी मालकावर टाकली आहे, ती आपण आपल्या मनाने ड्रायव्हरच्या पगारावर ढकलू नये.

ड्रायव्हरशी बोलताना एक नियम आम्ही आता पाळतो. ‘थांबू का?’ असे त्याने विचारले तर उत्तर एकच, ‘थांबा.’ गाडीचा वास, आवाज आणि जोर त्याला कळतो, गादीवर बसलेल्या आपल्याला कळत नाही. अर्धा तास उशीर झाला तर गिऱ्हाईक चार शब्द बोलेल, ते ऐकून घ्यावे.

चाचा आम्हाला दोन वर्षांनी नाशिकला एका ढाब्यावर भेटले. आम्ही सर्व हकिकत सांगितली, चूक आमची होती हे कबूल केले आणि पुढच्या आठवड्यात ८,००० रुपये त्यांच्या घरी नेऊन दिले. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि शांतपणे म्हणाले, ‘सेठ, पैसे तो आ गए. मगर दो साल तक सब यही बोलते रहे कि इसने सेठ का गिअरबॉक्स फोड़ दिया.’ आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते. ज्या ज्या गोदामात आम्ही त्यांना दोष दिला होता, तेथे जाऊन खरी गोष्ट सांगितली, एवढेच आमच्या हाती होते.

व्यापारी बांधवांना विनंती आहे की या आठवड्यात आपल्या गाडीची आरसी काढून वजाबाकी करावी, मिस्त्रीकडून गिअरबॉक्स व एक्सलचे ऑइल आणि ब्रीदर पाहून घ्यावे, आणि ड्रायव्हरला एक थर्मामीटर व एक वही द्यावी. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाचे सांगतो. गाडीवर किती ओझे आहे ते वजनकाटा सांगतो, आणि तो माल भरतानाच पाहावा लागतो.